सुतारपक्ष्यांची ढोली आणि रातथारा : सोलापूर परिसरातल्या नवख्या निरीक्षकांसाठी

सोनपाठी सुतारांची जोडी दिवसभर एकमेकांना हाका देत फिरताना दिसते. त्यावरून ती रात्रीही एकाच ढोलीत झोपत असेल असं वाटतं, आणि नवख्यांच्या बऱ्याच नोंदी इथेच चुकतात. सुतारांच्या बहुतेक जातींत प्रौढ पक्षी रात्री एकेकटा झोपतो. त्याची ही रात्रीची झोपायची जागा म्हणजे रातथारा. नराची ढोली वेगळी, मादीची वेगळी. कधी एकाच झाडावर, कधी चांगलीच लांब. त्यामुळे ‘कोण कोणाबरोबर फिरतं’ आणि ‘कोण कुठे झोपतं’ या दोन प्रश्नांची निरीक्षणं वेगवेगळ्या वेळी करायची आणि वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहायची.

एका परिसरात सुतार किती आहेत हे मोजायला संध्याकाळ आणि पहाट सगळ्यात भरवशाची. दिवसा तोच पक्षी एका तासात पाच झाडांवर दिसतो आणि वहीत पाच पक्षी होतात. ढोलीत शिरलेला सुतार मात्र उजाडेपर्यंत तिथेच असतो.

आधी पक्षी पक्का करा

सोलापूर शहर आणि आसपास नवख्याला मुख्यतः दोन जाती भेटतात. सोनपाठी सुतार २६ ते २९ सेंटिमीटरचा, म्हणजे साळुंकीपेक्षा मोठा. पाठ सोनेरी पिवळी, कंबर काळी, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. नराचा माथा आणि तुरा पूर्ण लाल. मादीचा तुरा लाल, पण कपाळाकडचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. मराठा सुतार १७-१८ सेंटिमीटरचा, बुलबुलापेक्षा किंचित लहान. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, पोटावर छोटा लाल डाग. नराच्या डोक्याच्या मागच्या भागावर लाल पट्टा असतो, मादीला नसतो. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथमने १८०१ मध्ये याचं वर्णन केलं आणि मराठ्यांच्या मुलखावरूनच त्याला ‘महरटेन्सिस’ हे शास्त्रीय नाव मिळालं.

नर-मादी ओळखता आल्याशिवाय संध्याकाळच्या निरीक्षणाला बसू नका. पक्ष्यांच्या पायांत अभ्यासकांनी घातलेली ओळखीची कडी नसेल तर दोन नर एकमेकांपासून वेगळे ओळखायचा कुठलाही खात्रीचा मार्ग तुमच्याकडे नसतो. हाताशी फक्त लिंग, जागा आणि वेळ एवढंच असतं. त्यातलं लिंग गेलं की अर्धी नोंद गेली.

आवाजात एक फसगत ठरलेली आहे. सोनपाठीची हाक म्हणजे मोठ्याने, भराभर हसल्यासारखा आवाज. पांढऱ्या गळ्याचा खंड्याही तसाच किंचाळतो. तलावाकाठी तर पक्षी दिसेपर्यंत आवाजावरून नोंद करूच नका. हिवाळ्यात मानमोडी येते. ती सुतारांच्याच कुळातली, पण लाकूड कोरत नाही. जमिनीवर मुंग्या टिपते. ती दिसली तर लिहा, पण तिच्यासाठी ढोल्या शोधू नका.

कोणत्या दिवसांत, कुठे

रातथाऱ्याचा अभ्यास ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत करावा. या काळात दोन्ही जातींची वीण सहसा नसते, म्हणून संध्याकाळी ढोलीत शिरणारा पक्षी झोपायलाच शिरतो, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. फेब्रुवारीपासून घरटी सुरू होतात आणि सगळा अर्थ बदलतो. सुतारांच्या बहुतेक जातींत अंडी-पिल्लांवर रात्री नर बसतो. तेव्हा मार्चमध्ये नर ढोलीत शिरताना दिसला तर ती त्याची झोपायची ढोली की घरटं, हे एका संध्याकाळीत ठरत नाही.

सूर्यास्ताची वेळ सोलापूरचीच घ्या. मुंबईच्या मानाने इथे सूर्य दहा ते पंधरा मिनिटं आधी मावळतो आणि या कामात दहा मिनिटांत सगळं उरकलेलं असतं. अंदाजासाठी : ऑक्टोबरच्या मध्याला सूर्यास्त ६.०५, नोव्हेंबरच्या मध्याला ५.५०, डिसेंबरच्या मध्याला ५.५५, जानेवारीच्या मध्याला ६.१०. सूर्योदय याच क्रमाने साधारण ६.२०, ६.३०, ६.५० आणि ७.००.

जागा निवडताना जंगलच हवं असं काही नाही. जुने कडुनिंब, चिंचा, आंबे, शिरीष आणि वाळक्या फांद्या असलेल्या बाभळी जिथे राहिल्या आहेत ती जागा चांगली. सिद्धेश्वर वनविहार, धर्मवीर संभाजी तलावाचा काठ, हिप्परग्याच्या एकरुख तलावाकडची शेतं आणि बांध, जुन्या वसाहतींची आवारं इथून सुरुवात करता येते. शेतातली विहीर आणि तिच्याभोवतीची झाडं हे तर ठरलेलं ठिकाण. शेतकऱ्याला आधी विचारा, बहुतेक वेळा ढोली कुठे आहे हे तोच दाखवतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य मुळात गवताळ माळ आहे, तिथे सुतारांसाठी खास जाण्यात अर्थ नाही. वनविहारात जायचं असेल तर बंद होण्याची वेळ विचारून घ्या; अंधार पडेपर्यंत थांबायचं असेल तर परवानगी आधीच हवी.

संक्रांतीच्या आसपास, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाच्या परिसरातली निरीक्षणं बंद ठेवा. गर्दी, दिवे, शोभेचं दारूकाम यांत पक्ष्याची रोजची वेळ कळणार नाही. दिवाळीच्या चार दिवसांचंही तेच. ज्यांना फटाक्यांचा परिणामच पाहायचा आहे त्यांनी त्याआधीचे आणि नंतरचे आठ-आठ दिवसही पाहिले पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

सोबत काय घ्यावं

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्या, १०×४२ नको. तिन्हीसांजेला वाढीव आकारापेक्षा उजेड महत्त्वाचा. ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत डोळ्यात जातो, १० ने भागलं तर ४.२. शेवटच्या वीस मिनिटांत नर की मादी हे त्या फरकावर ठरतं. वही, शिसपेन्सिल, मोबाइलशी जुळवलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ, घडीचं स्टूल, डास पळवायचं मलम. टॉर्च फक्त परतीच्या वाटेसाठी. घोट्यावर येणारे बूट घाला. बांधावर आणि काटेरी झुडपांत घोणस असते आणि ती अंधार पडतानाच हालचाल सुरू करते.

दिवसा ढोल्या शोधणं

हे काम सकाळी ८ ते ११ मध्ये करा. एकदम मोठा परिसर धरू नका. पाच-सहा एकर पुरेत, पण त्यातलं प्रत्येक जुनं झाड चारही बाजूंनी पाहा. सुतार वाळकं किंवा आतून कुजायला लागलेलं लाकूड निवडतो. तिरप्या फांदीची ढोली बहुधा खालच्या बाजूला असते. तिथे पावसाचं पाणी आत जात नाही. वर पाहत फिरणारा माणूस ती हमखास चुकवतो, म्हणून फांदीच्या खाली उभं राहून बघायची सवय लावा.

झाडाखालची जमीन आधी पाहा. ताज्या ढोलीखाली पांढरट-पिवळ्या ढलप्या पडलेल्या असतात. त्या काळ्या पडल्या असतील तर काम जुनं. सुतार नुसत्या झोपायलाही नवी ढोली कोरतात, म्हणून नोव्हेंबरात ढलप्या दिसल्या तर लगेच ‘घरटं’ असं लिहू नका.

मराठा सुताराच्या ढोलीचं तोंड साधारण चार-पाच सेंटिमीटरचं, सोनपाठीचं सात-आठचं. जमिनीवरून मोजता येत नाही, पण पक्षी तोंडाशी असताना त्याच्या डोक्याच्या मानाने अंदाज येतो. लहान ढोल्यांत खरा गोंधळ तांबट या छोट्या हिरव्या पक्ष्यामुळे होतो. तोही वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला तेवढंच, अगदी गोल भोक पाडतो आणि रात्री त्यातच झोपतो. भोकावरून फरक करायच्या फंदात पडू नका. संध्याकाळी तोंडातून लाल कपाळाचा, मिश्यांचा चेहरा बाहेर डोकावला की तांबट.

प्रत्येक ढोलीला नाव द्या : झाड, क्रमांक, दिशा. ‘कडुनिंब ४, ईशान्य’ असं. उंची काढायला हाताएवढ्या लांबीची काठी घ्या. हात सरळ पुढे करून ती उभी धरा. मुठीच्या वरचा भाग आणि डोळ्यापासून मुठीपर्यंतचं अंतर सारखं हवं. आता मागे सरका. मुठीची रेघ बुंध्याशी आणि काठीचं टोक ढोलीशी जुळलं की थांबा. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे ढोलीची उंची. चढाच्या जागी ही पद्धत चुकते. ढोली जिवंत फांदीत की वाळक्या, तोंड वर-खाली-आडवं, जवळ दिवा आहे का, हेही लिहा. रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचा उजेड थेट ढोलीवर पडत असेल तर ती नोंद वेगळ्या गटात ठेवा.

भोकातून मधमाश्या ये-जा करत असतील तर ते झाड सोडून द्या. सातेरी माश्या ढोल्यांतच पोळं करतात. वर आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्या झाडाच्या आसपास स्टूलसुद्धा टाकू नका.

संध्याकाळची बैठक

सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी जागेवर बसलेलं असावं. पक्षी आल्यावर आपण पोचलो तर तो झाडावर घिरट्या घालतो, लांब जातो आणि काळोख पडताना तिसऱ्याच ढोलीत शिरतो. मग आपण त्या ढोलीला ‘नवी’ म्हणतो.

बुंध्यापासून किमान २० ते २५ मीटर लांब बसा. ढोलीच्या समोर नाही, बाजूला. तोंड आणि तुमची नजर यांत काटकोन यावा, म्हणजे शिरणाऱ्या पक्ष्याची बाह्यरेषा आभाळावर उमटते. समोरून पाहिलं की अंधारलेल्या खोडावर अंधारलेला पक्षी, काही कळत नाही. शक्यतो पश्चिमेचं आभाळ ढोलीच्या मागे घ्या. सूर्य मावळल्यावरही वीसेक मिनिटं तिकडे उजेड राहतो. तुमच्यामागे झुडूप किंवा भिंत असू द्या. बसल्यावर उठायचं नाही, बोलायचं नाही. एका माणसाने एका नजरेत येतात तेवढ्याच ढोल्या घ्याव्यात, जास्तीत जास्त तीन.

वहीतलं पान कसं दिसावं, त्याचा हा नमुना :

‘१२ डिसेंबर. निरभ्र, वारा नाही. सूर्यास्त ५.५२. ढोली : कडुनिंब ४, ईशान्य. ५.१९ सोनपाठीची हाक, पक्षी दिसला नाही. ५.३१ मादी बुंध्यावर, ढोलीच्या दोनेक मीटर खाली, सरकत वर. ५.३४ तोंडाशी, डोकं आत, पुन्हा बाहेर. ५.३५ साळुंकी आली, मादी खोडाच्या मागे. ५.३८ साळुंकी गेली. ५.४१ मादी आत. ५.४३ डोकं बाहेर. ५.४४ आत. ६.२० पर्यंत बाहेर नाही. नर : ५.३७ ला शेजारच्या चिंचेवर हाक, दक्षिणेकडे उडाला, शिरताना दिसला नाही.’

यातला शेवटचा भाग नवखे गाळतात. नराचं काय झालं ते माहीत नाही, हे लिहिलेलं नसेल तर महिन्याने वही उघडल्यावर ‘त्या दिवशी नर नव्हता’ असा अर्थ निघतो. तसंच, पक्षी आत गेला की लगेच उठू नका. पहिल्यांदा शिरणं अनेकदा नुसती पाहणी असते. दोन-तीनदा आत-बाहेर केल्यावर तो स्थिरावतो. शेवटच्या प्रवेशानंतर निदान वीस मिनिटं थांबा आणि उठताना झाडाकडे न जाता मागच्या मागे निघा.

ढगाळ संध्याकाळी सुतार लवकर शिरतात. म्हणून ‘५.४१’ हा आकडा एकटा फारसा उपयोगाचा नाही. ‘सूर्यास्ताआधी ११ मिनिटं, निरभ्र’ असं लिहिलं की नोव्हेंबरची नोंद जानेवारीशी ताडून पाहता येते.

आत गेल्यावर पक्षी फांदीवर बसल्यासारखा बसत नाही. तो आतल्या भिंतीला नखांनी धरून, ताठ शेपटीचा टेकू घेऊन उभाच झोपतो. हे डोळ्यांनी पाहायचा मोह होतो आणि मग कोणीतरी मोबाइलचा कॅमेरा काठीला बांधतो. तसं करू नका. खोडावर थाप मारून ‘आहे का बघू’ हेही नाही. रात्री बाहेर काढलेला सुतार अंधारात दुसरी ढोली शोधू शकत नाही; उघड्यावर घुबडाच्या तोंडी जातो, आणि वाचला तरी ती ढोली सोडण्याची शक्यता असते. ध्वनिमुद्रित हाक वाजवणंही संध्याकाळी पूर्ण बंद. पक्षी, त्यांची अंडी आणि घरटी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

पहाटेचा ताळा

संध्याकाळची नोंद पहाटेशिवाय अर्धीच. त्याच ढोलीसमोर सूर्योदयाच्या निदान ४० मिनिटं आधी, अंधारातच येऊन बसा. बाहेर येण्याआधी पक्षी बराच वेळ तोंडाशी डोकं काढून बसतो. नर की मादी हे तपासायला ही सगळ्यात चांगली वेळ, संध्याकाळपेक्षाही. तो कोणत्या दिशेला उडाला आणि पहिली हाक किती वेळाने आली, तेवढं लिहा.

आत गेले तितकेच बाहेर आले पाहिजेत. मेळ बसला नाही तर क्रमाने तपासा : तुम्ही येण्याआधीच पक्षी निघून गेला का, काल तुम्ही उठल्यावर तो बाहेर पडला का, ढोलीला दुसरं तोंड आहे का. जुन्या ढोल्यांना मागून भगदाड पडलेलं असतं आणि ते फक्त दुसऱ्या बाजूने दिसतं. हा शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो.

एका ढोलीच्या किमान तीन संध्याकाळ आणि दोन पहाटा झाल्याशिवाय ‘नेहमीची ढोली’ म्हणू नका. एका पक्ष्याकडे दोन-तीन पर्यायी ढोल्या असू शकतात आणि पोपट किंवा साळुंक्यांनी एक बळकावली की तो दुसरीकडे जातो. रिकाम्या संध्याकाळीही नोंदवा. ढोलीतून खार, पिंगळा किंवा पीतकंठी चिमणी निघाली तर तेही लिहा. सुतार तिथे का येत नाही याचं उत्तर त्यातच असतं.

गट म्हणजे नेमकं काय

‘तीन सुतार दिसले’ ही नोंद उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखी नसते. एप्रिल ते जुलै या काळात दोन मोठे आणि एक-दोन फिक्या रंगाचे, अजागळ चढणारे पक्षी एकत्र दिसले तर ते आई-बाप आणि उडती पिल्लं. हिवाळ्यात मराठा सुतार एकटा किंवा जोडीने असतो आणि कधी कोतवाल, शिंपी, सुभग अशा किडेखाऊ पक्ष्यांच्या मिश्र थव्यामागे फिरतो. तो थवा सुताराचा सामाजिक गट नव्हे. त्याची वेगळी ओळ करा.

गटाचा आकडा लिहिताना एकाच नियमाने चाला : एकाच क्षणी जितके दिसले तितकेच खरे. ४.१० ला दोन आणि ४.३० ला एक, म्हणजे ‘किमान दोन’, तीन नव्हे. दोन निरीक्षक घड्याळं जुळवून दोन झाडांवर बसले आणि ५.४१ ला दोघांनाही मादी शिरताना दिसली, तरच दोन माद्या. रातथाऱ्यावर हे जमतं, दिवसा क्वचितच. म्हणून एकट्याने आठ संध्याकाळ बसण्यापेक्षा चौघांनी एकाच संध्याकाळी चार झाडांवर बसणं कधीही चांगलं.

परदेशातल्या चित्रफिती पाहून आलेले लोक इथेही ‘मदतनीस’ शोधू लागतात. कॅलिफोर्नियातला एकॉर्न सुतार खरोखरच कुटुंबकबिल्याने राहतो : अनेक नर-माद्या एकत्र वीण करतात, आधीची पिल्लं थांबून मदत करतात, ओकची फळं एकाच झाडात साठवतात आणि एका ढोलीत कित्येक जण झोपतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रेड-कॉकेडेड सुतारातही जोडीला मदतनीस असतात, बहुधा आधीच्या वर्षांतले मुलगे. पण तिथे प्रत्येकाची जिवंत पाइनमधली ढोली वेगळी असते, म्हणून तिथले अभ्यासकही गट मोजायला ढोल्यांसमोरच बसतात. आपल्या सोनपाठीवर वा मराठा सुतारावर ही चौकट लादू नका. घरट्याशी तिसरा पक्षी दिसला तर आधी तो याच जोडीचं मोठं झालेलं पिल्लू आहे का ते बघा. तो पिल्लांना घास भरवताना, आणि जोडीतले दोघंही त्याच वेळी समोर असताना दिसला, तरच ती नोंद वेगळी ठेवून जाणकाराला दाखवा.

फेब्रुवारी लागला की

वीण सुरू झाली की अंतर दुप्पट करा आणि एका झाडावर आठवड्यातून एकदाच, अर्ध्या तासापुरतं बसा. चोचीत किडे घेऊन आलेला पक्षी शिरायचं सोडून शेजारच्या फांदीवर ओरडत राहिला तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे सरा. घरट्याची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. रविवारी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना पक्षी आणि परिसर लिहा, झाड नको.

पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या छाटल्या जातात आणि त्यात तुमच्या निम्म्या ढोल्या जाऊ शकतात. शहरातल्या झाडांच्या तोडीला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ढोलीचा क्रमांक, फोटो आणि वापराच्या तारखा असलेलं पान तिथे नुसत्या तोंडी विनंतीपेक्षा उपयोगी पडतं. फांदी धोकादायक असेल तर ती पूर्ण न काढता ढोलीच्या पुढे हातभर ठेवून छाटता येते का, एवढंच विचारा. अशा खुंटातही पुढे ढोली वापरात राहू शकते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळी झाडं फिरून बघा, गेलेल्या ढोल्यांवर काट मारा, नव्या ढोल्यांना पुढचे क्रमांक द्या. जुना क्रमांक नव्या ढोलीला देऊ नका.